कापसाला विटाळ नाही

दसरा उलटला की जिंतूर तालुक्यातल्या काळ्या रानांत कापसाची वेचणी जोरात येते. सकाळचं दव वाळलं की बाया कमरेला झोळी बांधून सरीत शिरतात आणि उन्हं उतरेपर्यंत वाकून वेचत राहतात. मजुरी किलोवर. संध्याकाळी बांधावर काटा लागतो आणि ज्याचं त्याचं वजन वहीत उतरतं. या बायांपैकी कुणाची पाळी चालू आहे, हे शेतमालक विचारत नाही आणि टोळी घेऊन येणारी बाईही विचारत नाही. कापूस पावसात भिजायच्या आत घरात यायला हवा, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्यातलीच एक घरी येते, अंगणात पाय धुते आणि ओसरीच्या कडेला बसते. माठाला ती हात लावत नाही. पाणी सासू वरून ओतते. देवळीतल्या दिव्याकडे ती पाठ करून बसते. दिवसभर तिच्या बोटांखालून गेलेला कापूस मात्र जिनिंगला जातो, बाजारात जातो, आणि त्यातलाच चिमूटभर कुणाच्या तरी देवघरात फुलवात होऊन जळतो, कुणाच्या गणपतीच्या गळ्यात वस्त्रमाळ होतो.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘स्पर्श’. पाळीतल्या शिवाशिवीवर लिहायचं मी ठरवलं आणि येलदरी गाठली. धरणाची सरकारी वसाहत, जुनं शेतकरी गाव आणि दरवर्षी ऊस तोडायला बाहेर पडणारी माणसं, अशी तीन वेगळी आयुष्यं इथे हाकेच्या अंतरावर सापडतात. एकच नियम या तिन्ही ठिकाणी कसा वागतो, ते मला बघायचं होतं.

रानात मी त्या बायांना विचारलं, “कापसाला विटाळ होत नाही का?” त्या हसल्या. एक जण मान वर न करता म्हणाली, “कापसाला कशाचा विटाळ, माय? त्याला माणसं लागतात.”

वसाहतीतल्या दोन खोल्या

येलदरीचं नाव परभणी-हिंगोलीकडे पाण्याशीच जोडलेलं आहे. पूर्णा नदीवरचं हे धरण 1960च्या दशकात उभं राहिलं. साठा 934 दशलक्ष घनमीटर, दहा दरवाजे, पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात आणि पुढे कालव्यांत जातं. परभणी, जिंतूर, वसमत, नांदेड अशा शहरांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त याच साठ्यावर असते.

धरणाच्या कामासाठी आलेल्या लोकांची इथे वसाहत झाली. लोक त्या भागाला अजून ‘कॅम्प’ म्हणतात. जुनी घरं आता पडझडीला आली आहेत, पण तिथे संसार केलेल्या बायका आसपास भेटतात. त्यांच्यातल्या एका आजींनी मला सांगितलं, की लग्न होऊन त्या कॅम्पात आल्या तेव्हा पहिल्याच पाळीला त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. माहेरी चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत काढायचे. इथे एक स्वयंपाकघर, एक बाहेरची खोली, आणि नवरा सकाळीच कामावर निघालेला. “बाहेर बसायचं म्हटलं तर बाहेर होतं कुठं? आन् मी बसल्यावर भाकरी कोन टाकणार?” त्यांनी भाकरी टाकली. नवऱ्यानं खाल्ली. पुढे सगळी वर्षं तसंच चाललं. फक्त देवाची पूजा ते चार दिवस नवरा करायचा.

कॅम्पापासून जरा अंतरावरच्या जुन्या गावात चौसोपी नसली तरी ओसरी, परसू आणि गोठा असलेली घरं आहेत. तिथे नियम पाळला जातो, कारण तो पाळायला जागा आहे आणि स्वयंपाकाला दुसरी बाई आहे. विटाळ पाळायला या दोन गोष्टी लागतात. ज्या घरात जावा आहेत, सासू धडधाकट आहे, तिथे तो अजून टिकून आहे. सून एकटी असेल, सासू अंथरुणाला खिळली असेल, तर तिथे तो आपोआप देव्हाऱ्यापुरता उरतो. श्रद्धा कमी झाली म्हणून हे घडलेलं नाही. हात कमी पडले म्हणून घडलं. माझ्याशी बोलणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईनं हे आपल्या शब्दांत सांगितलं, आणि त्यात कुणालाच विसंगती वाटत नव्हती.

‘बाहेर बसणं’ म्हणजे विश्रांती, असं शहरात बरेचदा सांगितलं जातं. शेतकरी घरातल्या म्हाताऱ्यांना मी त्याबद्दल मुद्दाम विचारलं. काहींनी मान्य केलं, की त्या दिवसांत चूल सुटायची, आणि वीस माणसांच्या घरात चूल सुटणं ही मोठी गोष्ट होती. पण चुलीऐवजी जे हातात यायचं त्याची यादीही त्यांनीच दिली: शेण काढणं, गोवऱ्या थापणं, गोधड्या धुणं, आवार झाडणं, खुरपायला जाणं. घरातल्या वस्तूंना विटाळ होतो आणि घराबाहेरच्या कामांना होत नाही, अशी ती विभागणी होती. पाठ मोडून येई, अंग ठणके, तरी घरात तिला विचारलं जाई ते एवढंच: शिवलीस का कशाला?

खळं गेलं

शेतातल्या कामाला नसला, तरी तिथल्या काही जागांना आणि वस्तूंना विटाळ होता, आणि कडक होता. जुन्या काळी ज्वारीची कणसं खुडून खळ्यावर आणली की खळं ही देवाची जागा व्हायची. तिवड्याभोवती बैल फिरायचे, राशीची पूजा व्हायची. चप्पल घालून खळ्यात पाय ठेवायचा नाही, आणि पाळीतल्या बाईनं तर त्याच्या जवळपासही यायचं नाही. रास आटते, असं म्हणत. पेरणीच्या दिवशी बियाण्याला, पानमळ्यात वेलाला, परसात तुळशीला तिनं शिवायचं नाही, हेही त्यातलंच.

आज या भागात ज्वारीचं बरंचसं रान सोयाबीननं घेतलं आहे. सोयाबीन कापून ढीग लावतात, ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र येतं, तासा-दोन तासांत पोती भरून होतात आणि यंत्र दुसऱ्या रानात जातं. यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या द्यायला बायाच असतात. सारवलेलं खळंच उरलं नाही. ते मोडताना त्याच्याभोवतीच्या विटाळावर कुणी भाषण दिलं नाही, आंदोलन केलं नाही, कुणाला पाप लागल्याचंही ऐकिवात नाही. रास आटल्याची तक्रार बाजारभावाबद्दल होते, बायकांबद्दल नाही.

पाण्याकाठी मात्र भीती अजून आहे. नदीच्या कडेला, विहिरीच्या काठावर सातीआसरांचे शेंदूर लावलेले दगड दिसतात. या पाण्याच्या बहिणी. नव्या लेकुरवाळीनं त्यांना हळदकुंकू वाहायचं, आणि पाळीच्या दिवसांत त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, नाहीतर ‘आसरा लागतात’. गंमत म्हणून सांगत नाही. पाळीत पाण्यावर गेलेल्या तरुण मुलीला नंतर ताप आला, तर घरात पहिली शंका हीच येते, आणि दवाखाना दुसऱ्या नंबरवर जातो. रक्त कमी असलेल्या मुलीला असं थांबणं परवडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ‘उष्ण पडते’ म्हणून कचऱ्यात जाते, हे एका शिक्षिकेनं मला हताशपणे सांगितलं.

महालक्ष्म्यांचा आठवडा

मराठवाड्यात भाद्रपदात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांचे तीन दिवस म्हणजे घरातल्या बाईची वर्षाची परीक्षा. पहिल्या दिवशी मुखवटे येतात, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, फुलोरा, सगळं सोवळ्यात. या तीन दिवसांत पाळी आली तर काय, ही काळजी श्रावणापासूनच सुरू होते. बायका बोटांवर दिवस मोजतात. जावा एकमेकींच्या तारखा माहीत करून घेतात. आणि मग कुणीतरी औषधाच्या दुकानात जातं.

‘पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या’ सणाच्या तोंडावर तालुक्याच्या गावात किती सहज मिळतात, हे बघून मला वाईट वाटलं. बहुतेकदा नवरा येतो, हळू आवाजात मागतो, काउंटरवरचा माणूस पाकीट कागदात गुंडाळून देतो. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही. गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. पाळी येण्याआधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं, त्या उतरण्यानंच गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव सुरू होतो. ही गोळी त्याच जातीचं संप्रेरक बाहेरून पुरवत राहते, त्यामुळे अस्तर धरून राहतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. एरवी निरोगी बाईनं डॉक्टरच्या सल्ल्यानं क्वचित घेतली तर बिघडत नाही. पण जिला पायात रक्ताची गाठ होऊन गेली आहे, यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे, तिला ती धोक्याची. दुकानात हे विचारणारं कोणी नसतं. आणि महालक्ष्म्या, मग नवरात्र, मग घरातलं लग्न, मग पंढरपूर, असं करत काही बायका वर्षातून अनेकदा त्या घेतात. त्यांच्यातली एक जण म्हणाली, “सण झाला की मग दुपटीनं जातं अंगावर. पण सण तर होतो ना ताई.”

त्याच आठवड्यात, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी येते. आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, नदीवर स्नान करायचं, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचं पाप फिटावं म्हणून हे व्रत. पाळी कायमची गेलेल्या बायकाही ते निष्ठेनं करतात, मागच्या सगळ्या वर्षांची भरपाई म्हणून.

व्रताची कहाणी मी लहानपणापासून ऐकत आले. यंदा ती पुन्हा लक्ष देऊन ऐकली. पाळीत भांड्यांना शिवली म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री होते, तिच्या विटाळात राहिला म्हणून नवरा बैल होतो, आणि दोघंही आपल्याच मुलाच्या घरी येऊन पडतात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं विष पडलेलं ती कुत्री बघते. ब्राह्मण मरतील म्हणून ती मुद्दाम खिरीला तोंड लावते. सून तिला जळक्या लाकडानं मारते. कहाणी सांगणारी आजी इथे थांबत नाही, पुढे व्रताच्या फळाकडे जाते. मी मात्र तिथेच थांबले. शिवण्याच्या अपराधासाठी जिला हा जन्म मिळाला, तिनं शिवूनच सगळ्यांचे जीव वाचवले. पाप म्हणून सांगितलेलं आहे ते तरी कुणाचं? पोथ्यांप्रमाणे ते इंद्राच्या ब्रह्महत्येचं. त्यानं ते वाटून टाकलं आणि एक वाटा बायकांच्या अंगावर आला.

हे आधीही विचारलं गेलं आहे

विटाळावर प्रश्न विचारणं हे शहरातलं, परदेशातून आलेलं खूळ आहे, असं मला गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं. मला ते मान्य नाही, आणि त्यासाठी गोदावरीच्या खोऱ्याबाहेर जायचीही गरज नाही. तेराव्या शतकात याच मुलखात हिंडलेल्या चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना पाळीचा विटाळ मानू दिला नाही. शरीराच्या इतर द्वारांतून जसा मळ जातो तसाच हाही, असं त्यांचं म्हणणं महानुभाव परंपरेनं जपलं आहे. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिनं अभंगातून विचारलं, की देह ज्या विटाळातून घडतो त्याच्यापासून वेगळा राहिलेला देह दाखवा. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ दोन्ही तिच्या अंगावर होते, म्हणून तिच्या प्रश्नाला इतकी धार आहे.

त्याहून मागे गेलं तर वेगळंच चित्र दिसतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला लज्जागौरीच्या प्राचीन मूर्ती सापडल्या आहेत: मस्तक नसलेली, प्रसवमुद्रेत बसलेली देवी. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात भूमी, वारूळ, योनी आणि सुफलता यांचं नातं उलगडून दाखवलं. इथले लोक एके काळी स्त्रीच्या प्रजननाला हात जोडत होते. त्याच शक्तीच्या दर महिन्याच्या खुणेला पुढे परसात बसवलं गेलं.

आजच्या येलदरीतही एकच एक नियम नाही. मुसलमान घरांत पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, रमजानात सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात, पण स्वयंपाकाला, पाण्याला, माणसांना शिवायला कसलीच आडकाठी नसते. शेजारची हिंदू मैत्रीण ओसरीवर बसलेली असताना तिच्या लेकरांना भरवून पाठवणाऱ्या एका भाभी मला भेटल्या. बौद्ध वस्तीतल्या एका मावशी म्हणाल्या, “देव्हारा गेला तसा विटाळ गेला. आमच्या सासूनंच सांगितलं, आता हे नाही पाळायचं.” मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं, की लोणच्याच्या बरणीला मात्र त्या अजून हात लावत नाहीत. लोणचं ओल्या चमच्यानं, कमी मिठानं, झाकण उघडं राहिल्यानं नासतं. पण वर्षाचं लोणचं नासलं तर गरिबाच्या घरात तेवढं कालवण कमी होतं, आणि ती जोखीम घ्यायला त्यांचं मन धजत नाही. हे मला समजतं.

दोरीवरचं कापड

आशा कार्यकर्तीबरोबर मी काही घरांत गेले. पॅड आता सगळ्यांना ठाऊक आहेत. राज्य सरकारनं 8 मार्च 2018 रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचतगटांमार्फत मिळू लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा बारा टक्के जीएसटी गेला. पुढे जनऔषधी दुकानांत एक रुपयाला एक पॅड मिळू लागलं. पण जनऔषधी दुकान तालुक्याला, बचतगटाचा साठा कधी असतो कधी संपतो, आणि घरातल्या तीन बायकांचं दर महिन्याचं गणित किराणा दुकानातल्या भावानं बसत नाही. म्हणून शाळेला जाताना मुलीला पॅड आणि घरी आईला जुन्या सुती लुगड्याचं कापड, अशी वाटणी अनेक घरांत आहे.

कापड वाईट नाही. धुऊन, साबण लावून, कडक उन्हात वाळवलं तर ते चांगलं काम देतं. अडचण उन्हाची आहे. पाळीचं कापड दोरीवर उघडं दिसू द्यायचं नाही. ते परकराखाली, गोठ्याच्या अंधारात, न्हाणीतल्या खुंटीला वाळतं, म्हणजे वाळतच नाही. त्या ओलसर कापडानं खाज येते, जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं. त्यात आणखी भीती: त्यावरून साप गेला तर बाईला मूल होत नाही, कुणाच्या वाईट नजरेला पडलं तर करणी होते, जाळलं तर कूस जळते. पॅडचीही सुटका याच भीतीतून होत नाही. जाळायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, मग ते काळ्या पिशवीत बांधून अंधारात ओढ्यात जातं. आशाताई बायकांना एकच गोष्ट शिकवत होत्या: कापडावर ओढणी टाका, पातळ टाका, पण उन्हात टाका. लाज शाबूत ठेवून ऊन मिळवायची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटली. सगळ्या विश्वासांशी एकदम भांडण न काढता त्या बाईनं आजार तेवढा नेमका धरला होता.

पदर आल्यावर

पूर्वी मुलीला न्हाण आलं की मखरात बसवत, ओटी भरत, गल्लीभर सांगत. आता सांगत नाहीत. पण घराला कळतंच, आणि कळल्यावर चक्रं फिरू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी 48 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. म्हणजे जवळपास निम्म्या. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांना वयात आलेली मुलगी गावी ठेवता येत नाही आणि फडावरच्या उघड्या कोपीत नेववत नाही. उसाच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. मग लग्न लवकर उरकतं. पाळी आली म्हणजे मुलगी तयार झाली, हा समज या गणिताला आधार देतो. बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू होते तेव्हा तिची उंची वाढायची असते, कंबरेची हाडं रुंद व्हायची असतात. हे घरात कुणी तिला सांगत नाही. तिला सांगितलं जातं ते कशाला शिवायचं नाही त्याबद्दल.

शाळेतही फार वेगळं घडतं असं नाही. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तर कुणाची पाळी चालू आहे हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली, आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. कुणाला त्रास होतोय का, कुणाला पॅड हवंय का, हे विचारायचं तिथे राहून गेलं. येलदरीच्या परिसरातल्या मुलींनी मला सांगितलं, की पोटात कळा येतात तेव्हा त्या ‘डोकं दुखतंय’ म्हणून घरी जातात. त्या कळा खऱ्या असतात. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं गर्भाशयाच्या स्नायूला पिळवटतात, आणि साधी वेदनाशामक गोळी वेळेवर मिळाली तर बहुतेक मुलींना आराम पडतो. त्यांच्या शाळेत प्रथमोपचाराची पेटी होती, गोळीही होती. मागायची कशी, एवढाच अडसर होता.

पिशवी

येलदरीच्या आसपासच्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. फडावर पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते. पाळी आली म्हणून थांबलं तर खाडा पडतो आणि जोडीचा दंड उचलीतून कापला जातो. संडास नाही, आडोसा नाही, पाणी लांब. इथे विटाळाचा मागमूस नसतो. मोळी कुणी बांधली ते कारखाना विचारत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यातून 2019 मध्ये जे बाहेर आलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. दर सहा जणींत एक, आणि त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. पण ‘पिशवी’ हा शब्द येलदरीतही मी अनेकींच्या तोंडून ऐकला. पोट दुखतं, पांढरं जातं, अंगावर जास्त जातं. डॉक्टर म्हणतात, लेकरं झालीत ना, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे टोळीचा मुकादम उचल म्हणून देतो आणि ते पुढच्या हंगामात फिटतात.

बहुतेक वेळा पांढरं जाणं हा संसर्ग असतो, औषधांच्या कोर्सनं बरा होणारा. गाठी किंवा फार रक्तस्राव असेल तर पिशवी काढावी लागते, हेही खरं. पण त्याबरोबर बीजकोषही काढले, तर तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीत जातं. हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, आणि तीच कंबर घेऊन तिला पुन्हा मोळ्या वाहायच्या असतात. बायका शस्त्रक्रियेला इतक्या सहज का तयार होतात, याचं उत्तर मला फडापेक्षा ओसरीवर जास्त सापडलं. ज्या अवयवाबद्दल आयुष्यभर फक्त ‘लांब राहा’ एवढंच ऐकलं, त्याच्यासाठी ती दुसऱ्या डॉक्टरकडे का जाईल? दोन लेकरं झाली, काम झालं, कटकट गेली. दर महिन्याला तिच्या पाळीची चौकशी झाली ती घराच्या पावित्र्यासाठी. दुखतं किती, जातं किती, हे विचारायची सवयच कुणाला लागली नाही, तिला स्वतःलाही नाही.

गावातल्या एका ओसरीवर आमचं बोलणं चाललं असताना त्या घरची सून कोपऱ्यात बसून होती. वय तिशीच्या आसपास, दोन मुलं, चेहरा फिकट. सासूबाई मला विटाळाचे नियम सांगत होत्या आणि ते मोडणाऱ्या सुनांवर रागही काढत होत्या. मध्येच सून म्हणाली, “ताई, मला पिशवी काढायला सांगितलीय. काढू का?” सासूबाई गप्प झाल्या. कधीपासून दुखतं, किती जातं, किती दिवस, हे मी विचारत गेले. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, अर्ध्यांची सासूबाईंनी, आणि सासूबाईंना मुलांच्या बापापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. सोनोग्राफी झालेली नव्हती. आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करा, रक्त तपासा, सोनोग्राफीशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका, एवढं मी सांगितलं. बरोबरच्या आशाताईंनी तिथल्या तिथे जिंतूरच्या दवाखान्यात फोन लावला. मंगळवारी या, असं उत्तर आलं.

उसाचा ट्रक सोमवारी रात्री निघणार होता. सुनेनं ते हळू आवाजात सांगितलं. सासूबाई जरा वेळ बोलल्या नाहीत, मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, “बापाला म्हणावं, मुकादमाला फोन लाव. हिची जोडी आठ दिवस उशिरा येईल. मी जाते हिच्यासंगं.”